आधी भीती, मग कारण

२२ मार्च २०२०, रविवार. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता मात्र बोरिवलीच्या चाळींपासून मुलुंडच्या उंच इमारतींपर्यंत गॅलऱ्या आणि खिडक्या भरून गेल्या. थाळ्या, घंटा, शंख, हाताला लागेल ते वाजत होतं. त्या दिवशी मुंबईतल्या कोरोनारुग्णांची एकूण नोंद शंभराच्याही आत होती. आता दुसरी तारीख घेऊ. ७ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत एका दिवसात २०,९७१ नवे रुग्ण सापडले. पण त्या दिवशी लोकल धावत होत्या, दुकानं उघडी होती, आणि लोक एकमेकांना फोनवर “तुमच्याकडे पण झाला का?” असं सर्दीपडशाबद्दल विचारावं तसं विचारत होते.

शंभराच्या आतल्या आकड्यानं सव्वा कोटींचं शहर हादरलं, आणि एकवीस हजारांचा आकडा वाचून त्यानं पेपर घडी करून ठेवला. मधल्या काळात लस आली होती, ओमायक्रॉनचा आजार बहुतेकांना सौम्य जात होता, त्यामुळे दुसऱ्या वेळी धीर असणं वाजवीच होतं. पण तेवढ्यानं कोडं सुटत नाही. कारण मार्च २०२० मध्ये अंधेरी-घाटकोपरच्या बहुतेक घरांनी कोरोनाचा एकही रोगी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि तरीही भीती प्रत्येक घरात जाऊन बसली होती. रोगाच्या आधी भीती कशी पोचते? मला या सगळ्या काळातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. मानसशास्त्राला सापडलेली तिची उत्तरं वाचताना माणसाच्या मनाबद्दल माझा आदर वाढतच गेला.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले संशोधक पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. धोका मोजताना तज्ज्ञ मेलेल्यांची संख्या पाहतात. सामान्य माणूस वेगळंच काही पाहतो, असं त्यांना आढळलं होतं. तो दोन प्रश्न विचारतो. हे संकट किती भयंकर आणि माझ्या हाताबाहेरचं आहे? आणि ते किती अनोळखी आहे? मुंबईकराला हे पटवून द्यायला उदाहरण शोधावं लागत नाही. कोरोनापूर्वीच्या वर्षांत उपनगरी रेल्वेवर, म्हणजे रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून, दरवर्षी अडीच ते तीन हजार माणसं मरत होती. तरी सकाळी आठची लोकल कुणी सोडली नाही. लोकल ओळखीची आहे, दारात उभं राहणं माझ्या मर्जीचं आहे, दांडा माझ्या हातात आहे. विषाणूचं तसं काहीच नव्हतं. तो नवा होता, दिसत नव्हता, आणि लिफ्टच्या बटणावर आहे की शेजाऱ्याच्या श्वासात, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

न कळण्याचा हा त्रास किती खोल असतो, ते मोजण्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आर्ची द बर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसतात, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा छोटा पण दुखणारा झटका. शक्यता सारख्या बदलत ठेवल्या होत्या. संशोधक त्या लोकांचा घाम मोजत होते, डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात ते पाहत होते. झटका नक्की बसणार हे माहीत असताना ताण सर्वांत जास्त असेल असं आपल्याला वाटेल. निघालं उलटं. ताण सर्वांत जास्त होता तो शक्यता पन्नास टक्के असताना. झटका बसणारच हे ठाऊक असलेला माणूस, बसेल की नाही या हिंदोळ्यावरच्या माणसापेक्षा शांत होता.

‘रिपोर्ट यायचाय’ या दोन शब्दांत उपनगरानं घालवलेल्या रात्री आठवून पाहा. नाकात काडी घालून नमुना गेलेला, आई आतल्या खोलीत वेगळी, ताट दाराबाहेर ठेवलेलं, आणि फोनकडे लागलेले डोळे. पॉझिटिव्ह आल्यावर उलट सुटल्यासारखं वाटलं, असं सांगणारी कितीतरी माणसं मला भेटली आहेत. पूर्वी मला ते चमत्कारिक वाटायचं, आता वाटत नाही. दगड उचलला गेला होता. साप होता, पण निदान तो कुठे आहे ते कळलं होतं.

मुंबई महापालिकेनं जून २०२० मध्ये चोवीसही प्रभागांत वॉर रूम उघडल्या. इक्बालसिंह चहल तेव्हा आयुक्त होते. प्रयोगशाळांनी अहवाल आधी पालिकेकडे द्यायचा, आणि मग प्रभागातून रुग्णाला फोन जायचा: घरीच राहा, किंवा अमुक ठिकाणी खाट आहे. या व्यवस्थेची चर्चा झाली ती खाटांच्या नियोजनासाठी. पण माझ्या मते तिचं एक मोठं काम मनाच्या बाजूचं होतं. शहरभरासाठी एकाच क्रमांकावर ताटकळत बसण्याऐवजी आपल्याच वॉर्डातल्या कुणाचा तरी आवाज येत होता. त्यानं विषाणू कमी होत नव्हता, पण पन्नास टक्क्यांचं ते हिंदोळणं थांबत होतं.

आता अफवांकडे वळू, कारण इथे एक भारतीय माणूस या कहाणीत येतो आणि फार कमी लोकांना तो माहीत आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. जिथे हादरे जोरात जाणवले पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या या अफवा होत्या. आपलं घर वाचलं तर माणसानं दिलासा देणाऱ्या गोष्टी बोलाव्यात, नाही का? पण हे लोक बोलत होते ते पुढच्या संकटांबद्दल: आता चक्रीवादळ येणार, पुराचा लोंढा येतोय, ग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगमधल्या दरडींनंतरच्या अफवा अभ्यासल्या. तिथे नुकसान खरोखरच झालं होतं, लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तिथे भविष्यातल्या महासंकटाच्या अफवा तशा आढळल्या नाहीत.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला प्रसादांच्या या निरीक्षणानं झपाटून टाकलं. १९५७ मध्ये त्यानं मांडलेला विचारविसंगतीचा प्रसिद्ध सिद्धान्त घडत असताना हे बिहारचं कोडं त्याच्या समोर होतं. त्याचं उत्तर असं: हादऱ्यानं लोक घाबरलेले होते, पण सभोवती पाहिलं तर घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. शरीर भ्यालेलं आणि डोळ्यांना कारण दिसत नाही, ही अवस्था मनाला सहन होत नाही. मग मन भीती सोडत नाही, कारण तयार करतं. अफवा भीती पसरवते हे आपण नेहमी म्हणतो. इथे भीती आधीच होती, तिला साजेशी अफवा नंतर आली.

हे वाचल्यावर मार्च-एप्रिल २०२० चं व्हॉट्सअ‍ॅप वेगळंच दिसू लागतं. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, वाळत घातलेले कपडे आत घ्या. एका पॉझिटिव्हमागे पालिकेला दीड लाख रुपये मिळतात. नेलेला माणूस परत येत नाही. रस्ते रिकामे, लोकल बंद, शाळा बंद, म्हणजे हादरा मोठा बसला होता. पण खिडकीतून पाहिलं तर गुलमोहर फुललेला, हवा कधी नव्हे इतकी स्वच्छ, आणि आजारी कुणीच दिसत नाही. बिहारच्या त्या न पडलेल्या घरांमधली माणसं आणि आपल्या बंद फ्लॅटमधली माणसं एकाच जागी उभी होती.

आणि त्या अफवांचे साचेसुद्धा नवे नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. महिन्याभरात, २९ ऑक्टोबरला, जवळजवळ हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या साथरुग्णालयावर चालून गेला. तेव्हा लोकांत बोललं जात होतं की रुग्णालयात माणसं मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात. मोमियाई म्हणजे मृत शरीरातून मिळतं असं मानलेलं गुणकारी औषध. सव्वाशे वर्षांनी मोमियाईच्या जागी ‘किडनी काढून घेतात’ आलं, दीड लाख आले. घरातून उचलून नेणारी गाडी, तोंड झाकलेले अनोळखी लोक, आत जायला नातेवाइकांना बंदी, आणि शेवटी प्लॅस्टिकमध्ये बांधलेला देह. जिथे डोळ्यांना पाहू देत नाहीत तिथे मन स्वतःच चित्र काढतं. १८९६ चे कामगार अडाणी होते म्हणून तसे वागले, असं मानणाऱ्यांनी २०२० मध्ये स्वतःच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय काय पुढे पाठवलं गेलं ते उघडून बघावं.

भीती नुसती डोक्यात नसते, ती रक्तापर्यंत उतरते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे मार्क शॅलर यांनी एक कल्पना मांडली आहे. शरीरात जशी रोगप्रतिकारशक्ती आहे तशी वागणुकीतही आहे. जंतू आत शिरल्यावर लढण्यापेक्षा तो जवळच येऊ न देणं स्वस्त, म्हणून किळस, अंग चोरणं, खोकणाऱ्यापासून मागे सरणं हे सगळं आपल्यात आधीपासूनच आहे. २०१० मध्ये त्यांनी काही लोकांना रोग्यांची चित्रं दाखवली: पुरळ, शेंबूड, खोकला. इतरांना बंदूक रोखलेल्या माणसांची चित्रं दाखवली. दोघांचंही रक्त आधी आणि नंतर घेतलं. रोगाची चित्रं पाहणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी जिवाणूंच्या अंशाला सामोऱ्या गेल्यावर इंटरल्युकिन-६ हा लढाईचा रेणू आधीपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात बनवू लागल्या. बंदुकीच्या चित्रांनी तसं झालं नाही. म्हणजे भिंतीवरच्या चित्रातला खोकला डोळ्यांतून आत जातो आणि रक्तातल्या पेशी कमरा कसून तयार होतात! स्वीडनमध्ये मॅट्स ओल्सन यांच्या गटानं तर दाखवलं की जिवाणूचा अंश टोचून ज्यांची प्रतिकारयंत्रणा चेतवली, त्यांचे काही तास अंगात असलेले टी-शर्ट इतरांना वासावरून अधिक अप्रिय वाटतात. आजार अजून नीट दिसायच्या आधी नाकाला कळतं.

ही यंत्रणा फार जुनी आणि फार सावध आहे. तिच्या दृष्टीनं शंभर वेळा उगाच घाबरणं परवडतं, एकदा न घाबरणं परवडत नाही. म्हणून तर आपण दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, पार्सल दोन दिवस दाराबाहेर ठेवलं, नोटांवर इस्त्री फिरवली. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात लोकांना फळांचा रस दिला, त्यात पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढलं, आणि प्यायला सांगितलं. जंतू नाहीत हे पटूनही लोकांनी तोंड फिरवलं. एकदा स्पर्श झाला की तो लागलाच, ही समजूत तर्काच्या खालच्या थरातली आहे. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लावून कोरोना होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी. तोवर आपण वर्षभर पिशव्या धूत होतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. हवेचं काही करणं कठीण होतं. पिशवी धुता येत होती. हाताला काम मिळालं की छातीतली धडधड उतरते, आणि त्या दिवसांत ती उतरणं ही गरज होती.

पण याच यंत्रणेची दुसरी बाजू क्रूर आहे, आणि ती सोसायट्यांच्या फाटकांवर दिसली. ती परका आणि रोगी यांत फरक करत नाही. अनोळखी दिसणारा, वेगळा राहणारा, खालच्या वस्तीतून येणारा, सगळे तिला एकाच रंगात दिसतात. महाराष्ट्रात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे. देवीला गाड्यात बसवून वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचं. तिथून पुढच्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. रोग शिवेबाहेर गेला की गाव मोकळं. २०२० मध्ये सोसायटीचं फाटक ही शीव झाली. कामाला येणाऱ्या मावशी, धोबी, पेपरवाला, कुरिअरवाला यांना आत येण्याची बंदी झाली. कितीतरी मावशींचा पगार त्याबरोबर थांबला. खरं तर मुंबईत हा रोग आला होता विमानातून. पहिले रुग्ण परदेशातून आलेले किंवा त्यांच्या संपर्कातले होते. आठव्या मजल्यावर राहणारा, दुबईहून आलेला शेजारी ओळखीचा होता, म्हणून त्याची भीती उशिरा वाटली.

जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं मिळून तीन प्रभागांत रक्ततपासणी केली. त्यांतला एक आमच्या बोरिवलीला लागूनचा दहिसरचा, आर उत्तर; दुसरे दोन माटुंगा आणि चेंबूर पश्चिमकडचे. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींत १६ टक्के. अर्ध्याहून अधिक वस्तीला रोग होऊन गेला होता आणि पुष्कळांना ते कळलंही नव्हतं. कारण साधं होतं: दहा बाय दहाची खोली, सामायिक नळ, सामायिक संडास. फाटकाच्या आतल्यांना अंतर परवडत होतं. बाहेरच्यांची चूक एवढीच की त्यांना ते परवडत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात हाच अनुभव उलट्या बाजूनं आला. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्यांना गावांनी चौदा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली. सरकारनं पुढे ती दहा दिवसांवर आणली. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या फाटकाआड सुरक्षित बसलेला माणूस स्वतःच्या गावाच्या वेशीवर उभा राहिला तेव्हा तो त्या गावाचा ‘मुंबईवाला’ होता, रोग घेऊन येणारा. चुलत्यानं लांबूनच “आधी शाळेत राहा” म्हटल्यावर काय वाटतं, हे ज्यांनी अनुभवलं त्यांच्याशी बोलताना मला त्यांच्या आवाजात राग फारसा ऐकू आला नाही. ऐकू आलं ते दुखावलेपण.

उपनगरांची जमीन साथींमुळे झालेल्या अशा हालचालींनी भरलेली आहे. अंधेरीच्या सीप्झमध्ये कारखाने आणि कार्यालयांच्या मागे एका चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्ट, १५७९ साली बांधलेलं. १८४० मध्ये तिथल्या कोंडिविटे गावात साथ आली आणि लोकांनी गाव सोडलं, देवळासकट म्हणायला हवं, कारण नवं चर्च त्यांनी मरोळला उभारलं आणि जुन्याच्या मूर्ती, खांब तिकडे नेले. त्याच मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात २०२० मध्ये शहरातलं एक मोठं कोविड केंद्र झालं. बांद्र्यापासून अंधेरीपर्यंतच्या ईस्ट इंडियन गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी, विहिरीजवळ जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कितीतरी प्लेगच्या वर्षांतले आहेत. साथ वेशीवरच अडावी म्हणून उभारलेले. ज्या साष्टी बेटावर आपण आज राहतो तिथली वस्ती वाढण्यात प्लेगचा मोठा वाटा आहे. दाट शहरातून मोकळ्या हवेकडे माणसं निघाली आणि रेल्वेच्या कडेनं बांद्रा, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी भरू लागली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेआठ लाखांच्या आसपासच्या मुंबईतून पावणेचार लाखांवर माणसं निघून गेल्याचं सांगितलं जातं.

या पळापळीला आपण घबराट म्हणतो, आणि इथेच मानसशास्त्राशी एक जुना वाद आहे. एन्रिको क्वारांटेली या समाजशास्त्रज्ञानं अनेक दशकं आपत्तींत माणसं कशी वागतात ते पाहिलं, आणि पुन्हा पुन्हा तेच सांगितलं: भान हरपून, इतरांना तुडवत धावणारी झुंड सिनेमात जितकी दिसते तितकी प्रत्यक्षात नसते. माणसं बहुधा आपल्या माणसांना सोबत घेऊन, हातात असलेल्या माहितीवर विचार करून हलतात. १४ एप्रिल २०२० च्या दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर जमलेली हजारोंची गर्दी आठवा. दूरचित्रवाणीवर तिला बेभान म्हटलं गेलं. पण त्या लोकांच्या जागी उभं राहून पाहा. एकवीस दिवसांची टाळेबंदी त्या दिवशी संपायची होती. सकाळीच ती ३ मेपर्यंत वाढवल्याचं कळलं. काम बंद, पैसे संपलेले, एका खोलीत आठ-दहा जण, आणि कुणीतरी म्हणालं गाडी सुटणार आहे. त्यांना घरी जायचं होतं. १८९६-९७ मध्ये मुंबई सोडणाऱ्यांनाही. परक्या शहरात मरण्यापेक्षा आपल्या माणसांत जाणं हा विचार वेडाचा म्हणता येत नाही. चूक होती ती माहितीत.

माणसं मदतीलाही अशीच, एकमेकांकडे पाहून धावतात. स्टॅनफर्डच्या जमील झाकी यांनी २०२० मध्येच आपत्तीतल्या या करुणेवर लिहिलं: संकट आलं की आपण आणि ते यांतली रेषा पुसट होते आणि अनोळखी माणसं एकमेकांसाठी उभी राहतात. ज्या सोसायटीच्या फाटकानं मावशींना अडवलं, त्याच सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या दाराला रोज दोन वेळचा डबा अडकलेला असायचा. १६ एप्रिल २०२१ च्या रात्री ऑक्सिजन कमी पडू लागल्यावर पालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण एका रात्रीत दुसरीकडे हलवले गेले. ते हलवणारे परिचारक, चालक, वॉर्डबॉय यांनाही घरी मुलंबाळं होती, आणि भीती त्यांनाही तेवढीच होती.

या भीतीनं आपल्या शरीराभोवतीची हवासुद्धा बदलली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी साथीपूर्वी काही जणांचं ‘आपलं अंतर’ मोजून ठेवलं होतं, म्हणजे समोरचा किती जवळ आला की अस्वस्थ वाटतं ते. साथीत त्याच लोकांचं पुन्हा मोजलं, तर ते सरासरी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं. आणि गंमत अशी की आभासी वास्तवाचा चष्मा लावून, समोरची माणसं खोटी असतानाही अंतर वाढलेलंच राहिलं. आता मुंबईचा विचार करा. रेल्वेच्या भाषेत गर्दीच्या वेळच्या आपल्या लोकलला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात: एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. लोकल बंद झाली, मग फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना खुली झाली. दीड वर्ष सहा फुटांची सवय केलेलं शरीर पुन्हा घाटकोपरच्या फलाटावर उभं राहिलं. पहिल्या काही दिवसांत डब्यात कुणी खोकलं की माना वळायच्या. मग कधीतरी त्या वळेनाशा झाल्या. कुठल्या दिवशी, हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि मनाची ही लवचीकता मला भीतीइतकीच अद्भुत वाटते.

कांदिवलीत जे घडलं ते मात्र सांगायलाच हवं. ३० मे २०२१ रोजी तिथल्या एका मोठ्या गृहसंकुलात लसीकरण शिबिर झालं. ३९० जणांनी पैसे भरून लस घेतली. त्या दिवसांत लसीनंतर ताप येणं, अंग मोडून येणं हे सगळ्यांच्या पाठ झालेलं होतं. लोक आधीच क्रोसिन आणून ठेवत. इथे मात्र दुसऱ्या दिवशी कुणालाच काही झालं नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारलं, “तुला ताप आला?” नाही. “तुला?” नाही. प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाची. संशय बळावला, तक्रार झाली, आणि शिबिर बनावट असल्याचं उघड झालं. पुढे सरकारनं उच्च न्यायालयात सांगितलं की मुंबईत अशा शिबिरांत २,०५३ जण फसले होते. पालिकेनं कांदिवलीच्या त्या रहिवाशांना नंतर पुन्हा लस देण्याची व्यवस्था केली.

यात आश्चर्य असं की खोट्या लसीनंही माणसांना त्रास होतो. २०२२ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी कोविड लसींच्या बारा चाचण्यांची माहिती एकत्र केली. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकी पस्तीस टक्के लोकांनी पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा असा काही ना काही त्रास सांगितला. होईल असं वाटलं, आणि झालं. मग कांदिवलीत संशय आला कसा? माझा अंदाज असा की मन डोकं दुखवू शकतं, थकवा आणू शकतं, पण सगळे वाट पाहत होते ती तापाची, आणि थर्मामीटरवरचा पारा नुसत्या अपेक्षेनं सहजासहजी चढत नाही. एकट्या माणसानं “मला नाही आला बुवा” म्हणून सोडून दिलं असतं. जिन्यात, लिफ्टपाशी, ग्रुपवर शेकडो जणांनी आपापली शरीरं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा कुठे फसवणूक दिसली. वर्षापूर्वी हेलिकॉप्टरच्या फवारणीवर विश्वास ठेवणारी माणसं तीच होती, ग्रुप तोच होता आणि एकमेकांना विचारत राहण्याची खोडही तीच. या वेळी त्यांच्याकडे ताडून पाहायला स्वतःचा अनुभव होता.